डब्याची मागची बाजू, पुस्तकाचं पहिलं पान

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि मुलीची शाळा इंग्रजी. मुलगी डब्यातली पावडर घातल्याशिवाय दूध पीत नाही, मग ती पावडर चांगली की वाईट? सासूबाई बाळाला गुटी उगाळून द्या म्हणतात आणि घरातलं बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं त्यांनी घासूनपुसून काढून ठेवलं आहे. पुण्याचा मामा उष्टावणाला येताना वॉकर आणणार आहे. टूथपेस्ट कोणती, खेळणी कोणती, पुस्तकं कोणत्या भाषेतली? आणि शेवटी एक ओळ: "बाजारात एवढं काही आहे की न घेतलं तर आपण मुलांचं काही कमी करतोय असं वाटतं."

ताई, तुमच्या त्या शेवटच्या ओळीमुळेच एवढं लांब लिहायला बसले. रावपुऱ्यात बावीस वर्षं मी लहान मुलांचा दवाखाना चालवते आणि दोन मुलं वाढवली आहेत. ही उत्तरं डॉक्टर म्हणून जितकी आहेत तितकीच आई म्हणून आहेत.

पावडरीपासून सुरुवात करते, कारण दवाखान्यात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच. डबा हातात घ्या आणि उलटा करा. पुढच्या बाजूला उंच उडी मारणारा मुलगा असतो, ती बाजू तुमच्यासाठी नाही. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. पहिल्या तिघांत साखर दिसली की काय ते कळलंच. साखर वेगवेगळ्या नावांनीही येते, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या आकड्यात धरलंही जात नाही, पण पोटात गेल्यावर जवळपास साखरेसारखंच झटपट पचतं. यादीखालच्या तक्त्यात "अ‍ॅडेड शुगर" असा रकाना शोधा. समजा तिथे शंभर ग्रॅममागे ३२ ग्रॅम असं आहे आणि तुम्ही एका वेळी वीस ग्रॅम पावडर घालता, म्हणजे दोन भरलेले चमचे. एका कपात साडेसहा ग्रॅम साखर झाली. सकाळ-संध्याकाळ मिळून तेरा ग्रॅम. महिन्याला जवळजवळ चारशे ग्रॅम, फक्त दुधातून. साडेचार वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण १३५० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक बरं. पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम. त्यातले तेरा दुधातच संपले, बिस्किट अजून यायचंच आहे.

आणि एवढं करून मिळतं काय? दोनशे मिलिलिटर दुधात स्वतःचंच सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिन आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पावडर त्यात एक-दीड ग्रॅम प्रथिनाची भर घालते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितली, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या शब्दावर विश्वास ठेवला त्याला कायद्यात जागाच नव्हती. माझी मोठी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मीही तिला हीच पावडर देत होते. डॉक्टर असून डबा उलटा करून पाहिला नव्हता, याची मला आजही खंत वाटते.

एकदम बंद करू नका, दूधच सुटेल. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्या-दीड महिन्यात रंगापुरती उरते. तरीही दूध नको म्हणाली तर दही द्या, ताक द्या, घरचं पनीर द्या. दुधासाठी मुलीशी भांडायचं कारण नाही. उलट मी बऱ्याच घरांत दूध कमी करायला सांगते. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणारं मूल पोळी-भाजीला तोंड लावत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, गुजरातमधल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ७९.७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. पाचातली चार मुलं म्हणा ना. दुधाचा महापूर असलेल्या या राज्यात, आणंदपासून तासाभराच्या अंतरावर, ही स्थिती आहे. लोहाचं सरकारी सिरप अंगणवाडीत फुकट मिळतं, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. महागड्या टॉनिकच्या बाटलीपेक्षा मी तेच लिहून देते. त्याने शी काळी होते, घाबरू नका.

बाळाच्या गुटीबद्दल सासूबाईंशी बोलताना जरा जपून. त्यांचा जीव आहे त्यात. आमच्या आईकडेही सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बदाम, खारीक असं ओळीने मांडलेलं असायचं आणि कशाचे किती वळसे द्यायचे हे तिला पाठ होतं. पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. ओल्या सहाणेवर जंतू वाढतात. जायफळाचे दोन वळसे जास्त पडले तर बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो, आज छान झोपलं. गुटीत मध चाटवण्याची पद्धत असेल तर ती एक वर्षापर्यंत पूर्ण बंद. मधातल्या एका जंतूचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, बाळाचे स्नायू लुळे पडतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर फार वाईट.

मग सासूबाईंनी करायचं काय? उष्टावण आता महिन्यावर आलंय, त्यांना नाचणी करायला सांगा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. इथे एक गोष्ट मात्र सांगते, जी बऱ्याच आज्यांना पटत नाही. आपण नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्व घेतो आणि चोथा टाकून देतो. नाचणीचं कॅल्शियम जास्त करून तिच्या तांबड्या सालीत असतं. म्हणजे जे फेकलं तेच हवं होतं. त्यापेक्षा नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजा, दळून आणा आणि बारीक चाळणीने एकदाच चाळा. रंग तांबूस राहील, राहू दे. मोड आल्याने ती पचायला हलकी होते आणि पेज पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. तूप घाला. एक वर्षापर्यंत मीठ आणि दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ लागत नाही. डब्यातल्या तयार सीरियलची गरज प्रवासापुरती असेल तर असेल. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. म्हणून टीव्हीवर ती दिसत नाहीत. मोबाईलवर मात्र कुणीतरी ताई बाळाला मांडीवर घेऊन डबा दाखवत असते. तिच्यावर विश्वास ठेवू नका.

काजळाचंही इथेच सांगून टाकते. डोळ्यांत नको, काही काजळांत शिसं सापडतं आणि बोटाने डोळ्याला जंतू लागतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर तळपायाला किंवा कानामागे लावा. आमच्याकडे आई त्यावर राजी झाली होती.

पावडर, म्हणजे अंगाला लावायची, घेऊच नका. पफने उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते आणि घामोळ्यांना तिचा काही उपयोग नाही. बडोद्याच्या मे महिन्यात बाळाला सुती झबलं आणि दोनदा अंघोळ एवढं पुरतं. साबण कुठलाही साधा, कमी वासाचा. तेल खोबऱ्याचं. डायपर रात्री आणि बाहेर जाताना, एरवी घरी लंगोट आणि दुपटी. हिशेब करून पाहा, दिवसाला पाच डायपर, एक बारा रुपयांना धरला तर महिन्याला अठराशे रुपये. दिवसा लंगोट वापरले तर त्यातले हजार वाचतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डासांना मच्छरदाणीसारखं काही नाही. बंद खोलीत कॉइल लावून बाळाला झोपवू नका.

मामाला आजच फोन करा. वॉकर नको. यावर मी कुणाचंच ऐकून घेत नाही. माझ्या मुलाला नवव्या महिन्यात वॉकर भेट आला होता, लाल रंगाचा, समोर गाणी वाजणारा. मी दवाखान्यात होते, घरी दोन मोठी माणसं होती. आमचं घर जुन्या वाड्यातलं, स्वयंपाकघराला उंबरठा. तो सुसाट आला, पुढची चाकं उंबरठ्याला अडली आणि तो तोंडावर आपटला. कपाळाला चार टाके पडले. ती पांढरी रेघ अजून दिसते. लक्ष द्यायला कुणी नव्हतं असं नाही, दोघंही चार हातांवर होती, पण चाकांवरचं बाळ मोठ्या माणसाच्या हातापेक्षा वेगाने पळतं. शिवाय वॉकरने मूल लवकर चालत नाही, अनेकदा उशिराच चालतं, कारण त्यात ते स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही आणि चवड्यांवर ढकलत राहतं. कॅनडाने २००४ पासून वॉकर विकायला, आयात करायला, अगदी जुना दुसऱ्याला विकायलाही बंदी केली आहे. आपल्याकडे तो अजून दुकानांत टांगलेला असतो. बाळाला सतरंजीवर पालथं टाका, समोर दोन वाट्या ठेवा. रांगण्यासाठी एवढंच लागतं.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सगळ्याच खेळण्यांवर. मंगळबाजारातल्या हातगाडीवरच्या पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकवर ते शोधून पाहा, अनेकदा सापडत नाही. नोंदणीकृत हस्तकारागिरांना मात्र या नियमातून सूट आहे, म्हणून लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं तर ते वाईटच असेल असं नाही. आपल्याला संखेडा जवळ आहे, तिथल्या खराद्यांचं, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांचं, लाकडावरचं लाखेचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. अशा वेळी आपणच परीक्षा घ्यायची. पांढरं फडकं ओलं करून खेळण्यावर जोरात घासा. रंग फडक्यावर आला तर बाळाच्या तोंडातही येणार. चाक, घुंगरू, मणी ओढून पाहा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते.

बटणासारख्या चपट्या बॅटरीचं खेळणं, गाणारं ग्रीटिंग कार्ड, लुकलुकणारे बूट, यांबाबत फार जपा. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात नको. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. "शीतून पडेल" म्हणून वाट पाहायची नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. तशीच काळजी शेंगदाणे, फुटाणे आणि चणे यांची. बाळाचं पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण कराल, तेव्हा डोक्यावरून कुरमुरे ओता, हवं तर बत्तासे, पण बोरं, हलवा आणि शेंगदाणे नकोत. उत्तरायणात गच्चीवर चिक्कीची ताटं फिरत असतात आणि त्या दोन दिवसांत श्वासनलिकेत दाणा अडकलेलं मूल आलं नाही असं वर्ष मला क्वचितच आठवतं.

मुलीची टूथपेस्ट: फ्लोराइड असलेली घ्या, ट्यूबवर हजार पीपीएम असं पाहून. "फ्लोराइड नाही, म्हणून सुरक्षित" असं लिहिलेल्या गोड ट्यूबा मुलांच्या म्हणून विकल्या जातात. दात किडण्यापासून वाचवतं ते फ्लोराइडच. तिला वाटाण्याएवढी पेस्ट, बाळाला पहिला दात आल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत तुम्ही फिरवायचा, नंतर तिला हवा तेवढा फिरवू दे.

एक वस्तू मात्र घरात असलीच पाहिजे, ओआरएस. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतरचे तीन आठवडे माझा दवाखाना जुलाबाच्या मुलांनी भरलेला होता. कितीतरी आयांच्या हातात फळांच्या चवीचा खोका होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस. त्यात साखर इतकी की जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. हे नाव अशा पेयांवर छापायला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, तरी जुनी सवय आहे, दुकानदार तेच पुढे करतो. तुम्ही औषधाच्या दुकानातून पुडी घ्या, तिच्यावर "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" आहे ना ते वाचा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, एकदम. अर्ध्या ग्लासात चिमूट टाकून देतात ती सर्वांत मोठी चूक, मीठ कमी-जास्त झालं की मूल आणखी बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या.

आता तुमचा पुस्तकांचा प्रश्न, आणि मला खरं यावरच बोलायचं होतं.

तुम्ही लिहिलंय, मुलगी "मम्मी, पाणी आप ना" म्हणते, "दे" ऐवजी गुजराती "आप", तर तिची भाषा बिघडतेय का. नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत हे सगळ्याच मुलांचं होतं आणि त्याने बोलणं लांबत नाही. दोन-तीन भाषांत वाढणारं मूल शब्द मिसळतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप ओळखू लागतं की आजीशी काय बोलायचं आणि रिक्षावाल्या काकांशी काय. काळजी कधी करायची ते सांगते. वर्षाचं बाळ "बाबा, दादा" असे आवाजच काढत नसेल, किंवा दोन वर्षांचं मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल तर भाषा कोणतीही असो, आधी कान तपासून घ्या. घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू करा असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

ज्यांच्या गावात आपण राहतो त्या सयाजीरावांचंच पाहा. १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळख नव्हती. मग मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा बरोबरच शिकवल्या गेल्या. त्याच मुलाने पुढे १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी केली. ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. मुलीला एकदा तिथे न्या. आतल्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरच्या मजल्याचा उजेड झिरपत खाली येतो आणि पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिथे उभी राहून, पाय न उचलता, हळू आवाजात विचारत होती, "आई, ही सगळी वाचायला किती दिवस लागतात?"

पाच महिन्यांच्या बाळाला पुस्तक दाखवू का, असं तुम्ही जरा संकोचाने विचारलंय. जरूर दाखवा. जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच ठसठशीत चित्र, कोपरे गोल. तो ते चावणार, चावू दे. त्याला गोष्ट कळत नाही. तुमचा आवाज, तुमच्या बोटाखालचं चित्र आणि मांडी एवढं कळतं, आणि भाषा तिथूनच सुरू होते. मोबाईल यातलं काही देत नाही. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. जेवताना तर अजिबात नको. पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचंही कळत नाही.

मुलीसाठी पुस्तक निवडताना माझी एकच कसोटी आहे. दुकानात उभं राहून पहिलं पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर परत ठेवा. मराठीतली बरीच स्वस्त, चकचकीत पुस्तकं इंग्रजीवरून घाईने उतरवलेली असतात. "ती एक छोटीशी मुलगी होती जी नेहमी आनंदी असायची" असं वाक्य आपल्या घरात कुणी बोलतं का? "एक होती मुलगी, सदा हसणारी" असं असेल तर मूल दुसऱ्यांदा वाचायला लावतं आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणू लागतं. शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं असेल तर मी ते पुस्तक घेत नाही. मूल गोष्टीत रमलेलं असतं आणि आपण त्याच्या तोंडातला घास काढून "यावरून काय शिकलास" विचारतो. चित्रांत आपल्यासारखी माणसं असावीत, दोरीवर वाळत घातलेली साडी, पाटावर बसलेली आजी, नळावरची रांग. चार वर्षांच्या मुलीला बर्फातलं घर जरूर दाखवा, पण तिचं स्वतःचं घरही तिला पुस्तकात दिसलं पाहिजे.

कुठून घ्यायची? बडोद्यात मराठी बालपुस्तकं मिळणं कठीण, हे माझं जुनं दुखणं आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं अनेक भाषांत निघतात आणि खिशाला परवडतात. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकंही तशीच, शिवाय त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. चार-पाच पानं छापून घेऊन दोऱ्याने शिवली की झालं पुस्तक. मुलीला थोडी मोठी झाल्यावर "किशोर" लावा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

आणि गुजराती पुस्तकांना घाबरू नका. इथे ती मुबलक मिळतात, चित्र पाहून गोष्ट मराठीत सांगा. लिपीचीही भीती नको. माझ्या दवाखान्यात सात वर्षांची एक मुलगी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसायची. तक्ता दोन्ही भाषांत आहे. एके दिवशी तिने देवनागरी शब्दांच्या वरच्या रेघेवर पट्टी धरली आणि मला हाक मारली, "डॉक्टर आंटी, बघा, गुजराती झालं!" ग, म, न, प ही अक्षरं रेघ झाकली की खरंच जवळजवळ गुजराती होतात. कुणी शिकवलं नव्हतं तिला. दोन्ही लिप्या समोर होत्या आणि वाट पाहायला वीस मिनिटं होती.

इंग्रजीची पुस्तकं आता घ्यायची घाई नको, शाळा ते काम करणारच आहे. भिंतीवर लावायचे फळा-फुलांचे तक्ते, बटण दाबलं की ए-बी-सी म्हणणारी टॅबलेटसारखी खेळणी, चार वर्षांच्या मुलांच्या सरावाच्या वह्या, यांवर पैसे घालू नका. आयांसाठी निघणारी बालसंगोपनाची जाडजूड पुस्तकंही मी फारशी सुचवत नाही. बहुतेकांत बाळ वेगळ्या खोलीत झोपतं आणि घरात आजी नसते.

डायपरमधून वाचलेले ते हजार रुपये इथे वापरा. दर महिन्याला तीन-चार पुस्तकं होतील आणि वर्षाअखेर घरात मुलांच्या उंचीला एक फळी भरलेली असेल. ती खाली लावा, तिचा हात पोचेल अशी. रोज झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, तेच पुस्तक पंधरा दिवस मागितलं तरी तेच. पान मुलीला उलटू दे, मध्येच थांबून "आता काय होईल गं?" एवढंच विचारा आणि उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका. बाबा वाचणार असतील तर फारच छान, मुलं त्यांचे आवाज जास्त आवडीने ऐकतात असा माझ्या घरचा अनुभव आहे.

तर मामाला सांगा, वॉकरऐवजी पुण्याहून पिशवीभर पुस्तकं आण. यादी करू नका, त्यालाच दुकानात उभं राहून पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगा.

राहिलं बोंडलं. चांदीने दूध औषधी होत नाही, आणि त्या बारीक तोटीत आतून बोटही जात नाही, बोळाही नाही. दूध तिथे साकळतं, उकळूनही भरवसा नाही. रोजच्याला वाटी-चमचाच. पण सासूबाईंनी ते चिंचेने घासून ठेवलंय, तुमच्या नवऱ्याने त्यातून दूध प्यायलं असेल. उष्टावणाच्या दिवशी ते पाटाजवळ, रांगोळीत मांडा. मामा वाटीतून खिरीचं पहिलं बोट चाटवेल, तेव्हा मुलीला सांगा, हे बोंडलं कुणाचं होतं ते आजीला विचार.